चावी गप्प बसली तर

 

आज बोलायचंय गाडीच्या चावीबद्दल. चारचाकीची बटणाची चावी, जिला आपण नुसतं रिमोट म्हणतो. काही वर्षांपूर्वी हा विषय आपल्या कार्यक्रमात आलाच नसता. चावी घरधन्याच्या खिशात असायची आणि ती चालली न चालली हा त्यांचा प्रश्न होता. आता पुण्याला भीमथडी जत्रेत स्टॉल लावायचा तर पापड-मसाल्याची खोकी गाडीत घालून आपणच निघतो. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, पोरांना परीक्षेला सोडायचं, तर गाडी आपणच काढतो. मग चावी बंद पडल्यावर रस्त्यात उभं राहायची पाळीसुद्धा आपल्यावरच येते.

दौंडकडच्या एका गटानं आम्हाला कळवलं. बाजारातून परत निघताना त्यांच्या गाडीचं दारच उघडेना. बटण दाबदाब दाबलं. शेवटी एका चावीवाल्याला बोलावलं. त्यानं चावी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, नवीन रिमोट बनवावा लागेल, सात-आठ हजार होतील. गटाच्या बायकांनी पैसे दिले नाहीत. त्यांच्यातल्या एकीनं चावीतलं लोखंडी पातं काढून दार उघडलं, गाडी चालू केली, घरी आल्या. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून सेल घेऊन घातला. पन्नास रुपये. रिमोट बोलायला लागला.

चावीवाला लबाडच होता असं आम्ही म्हणणार नाही. रिमोट खरोखर जळतात, तेव्हा तेवढे पैसे लागतातही. पण नेमकं काय बिघडलंय हे आपल्याला कळलं नाही, तर समोरचा सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. म्हणून आधी हे समजून घेऊ की आपल्या हातातली ती एक वस्तू म्हणजे एक चावी नाहीच. त्यात तीन चाव्या आहेत.

पहिली चावी म्हणजे पातं. लोखंडी, दातेरी, जुन्या कुलपाच्या चावीसारखं. ते दाराचं कुलूप फिरवतं. त्याला ना सेल लागतो ना वीज. दुसरी चावी म्हणजे रिमोट. बटण दाबलं की तो गाडीला बिनतारी निरोप पाठवतो, दारं उघड किंवा लाव. त्याला सेल लागतो. आणि तिसरी चावी डोळ्याला दिसत नाही. ती आहे एक बारीकशी चिप. ती इंजिनाला ओळख पटवते की ही आपल्याच घरची चावी आहे, चालू हो. गंमत म्हणजे या चिपला सेल लागत नाही. चावी जिथं खुपसतो तिथं एक वेटोळं बसवलेलं असतं, तेच तिला जवळून तेवढ्यापुरती वीज पुरवतं.

तिघींचं पोट वेगवेगळं, म्हणून तिघींची दुखणीही वेगळी. दार बटणानं उघडत नाही पण चावी फिरवल्यावर गाडी चालू होते, तर रिमोटचं दुखणं. दार उघडतं पण इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं, आणि समोरच्या काट्यांपाशी चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतं, तर चिपचं. आणि बटणानंही काही नाही, आतला दिवा लागत नाही, हॉर्नही वाजत नाही, तर चावीला दोष देऊ नका. गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे. एवढं नुसतं लक्षात ठेवलं तरी गॅरेजवाल्याशी बोलताना आपला आवाज बदलतो.

आता रिमोटच्या सेलकडं येऊ, कारण बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.

सगळ्या जणी म्हणतात, अचानक बंद पडली. पण सेल सहसा अचानक मरत नाही. आधी गाडी वीस पावलांवरून उघडत असते. मग दहा पावलांवरून. मग दाराला टेकून दोनदा दाबावं लागतं. थंडीच्या सकाळी जास्तच, कारण गारठ्यात सेलचा जोर कमी होतो. आपण कामाच्या घाईत असतो, आपल्या हे ध्यानात येत नाही. रिमोटवर बारका लाल दिवा असेल तर तो मंद झालेला असतो. ही लक्षणं दिसली की त्या आठवड्यात सेल बदलायचा, बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही.

सेल असतो रुपयाच्या नाण्यासारखा चपटा. त्याच्यावर इंग्रजीत सीआर आणि पुढं चार आकडे कोरलेले असतात. २०३२, २०२५, २०१६, १६२०, असं काहीतरी. हे आकडे म्हणजे मापं आहेत. पहिले दोन आकडे रुंदीचे: २० म्हणजे वीस मिलिमीटर. पुढचे दोन जाडीचे: ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २५ म्हणजे अडीच मिलिमीटर. म्हणून २०३२ च्या जागी २०२५ घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण पातळ पडतो, आत हलतो, आणि चावी कधी चालते कधी नाही. दुकानदार म्हणेल, चालतंय की ताई, सगळे सारखेच. सारखे नसतात. जुना सेल सोबत न्या आणि आकडे जुळवूनच घ्या. सुट्टा, बरणीतला सेल घेऊ नका. पाकिटातला घ्या, त्यावरची तारीख बघा.

बदलायचा कसा? चावीच्या कडेला एक खाच असते. तिथं नाणं घालून हलकेच फिरवलं की दोन शिंपले वेगळे व्हावेत तशी ती उघडते. हे काम परातीवर करा. कारण काही चाव्यांमध्ये ती इंजिनाची चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी, नुसती ठेवलेली असते. ती घरंगळून केरात गेली तर नवा सेल घालूनही गाडी चालू होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल सेल बदलल्यामुळंच बिघडली. उघडायच्या आधी नातवाला मोबाईलवर फोटो काढायला सांगा, सेलची अधिकची खूण वर होती की खाली ते कळतं. सेल कडेनं धरा. आतल्या पत्र्याच्या जिभा काळ्या-हिरव्या झाल्या असतील तर कोरड्या फडक्यानं किंवा खोडरबरानं हळू पुसा. पाणी नको, रॉकेल नको.

पाण्यावरून आठवलं. चावी धुण्यात जाणं हे आपल्याकडं काही नवीन नाही. परकराच्या खिशातून, पोराच्या पँटीतून ती थेट बादलीत जाते. तशी गेली तर बटण दाबून बघायचा मोह आवरा. ओली असताना दाबलं तर आतली नक्षी जळू शकते. आधी उघडा, सेल काढा, पुसा, सावलीत हवेशीर जागी दोन दिवस ठेवा. चुलीशेजारी किंवा तव्यावर ठेवू नका, प्लॅस्टिक वाकतं. पिठाच्या, उसाच्या रसाच्या, शेणाच्या हातानं दाबून दाबून बटणाचं रबर आत चिकटतं, तेही एक कारण. चिकटलेलं बटण पर्समध्ये रात्रभर दाबलेलं राहतं आणि नवा सेल आठवड्यात संपवतं.

आता जरा हातातलं काम थांबवून ऐका. हा भाग चावीचा नाही, लेकराचा आहे.

हा चपटा सेल लहान मुलानं गिळला तर तो विषासारखा नाही, निखाऱ्यासारखा वागतो. तो अन्ननलिकेत अडकतो, लाळेतून वीज वाहायला लागते आणि त्या जागी दाहक द्रव तयार होऊन मांस भाजतं. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. वीस मिलिमीटरचा, म्हणजे नेमका चावीतला सेल, लहान मुलाच्या नळीत अडकायला सगळ्यात वाईट. आणि चावीसाठी संपलेला सेलसुद्धा एवढं करायला पुरेसा असतो. म्हणून काढलेला जुना सेल खिडकीत, देव्हाऱ्यात, मिसळणाच्या डब्यावर ठेवायचा नाही.

मूल लाळ गाळतंय, खोकतंय, घास नको म्हणतंय, छातीला हात लावतंय आणि घरातला सेल सापडत नाहीये, तर वाट बघू नका. कधीकधी काहीच लक्षण दिसत नाही, तरीही नेलंच पाहिजे. उलटी काढायची नाही, केळं किंवा भात कोंबायचा नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. मूल वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळत असेल आणि घटना बारा तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधानं जळणं थोडं लांबतं, सेल निघत नाही. मध शोधायला थांबू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. दवाखान्यात स्पष्ट सांगा की सेल गिळलाय, नाणं नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही सारखेच गोल दिसतात. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं ते बघायला डॉक्टरांना सांगायला लाजू नका. शिरूरहून पुणं सत्तरएक किलोमीटर, दौंडहून ऐंशीएक. एकीकडं वाघोलीची गर्दी, दुसरीकडं हडपसरची. दोन तास म्हणजे किती थोडे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. निघण्याआधी फोन करून विचारा की दुर्बिणीनं सेल काढायची सोय कुठं आहे.

सेल कानात किंवा नाकात घातला तरी हाच नियम, लगेच दवाखाना. फक्त तिथं मधाचं काही काम नाही.

चला, परत चावीकडं.

नवा सेल घातला, तरी चावी गप्पच. आता काय? आता समजून घ्यायला हवं की रिमोट म्हणजे खरं तर एक छोटंसं रेडिओ केंद्र आहे. आपलं हे केंद्र जसं हवेतून बोलतं आणि तुमचा रेडिओ ऐकतो, तसंच रिमोट बोलतो आणि गाडी ऐकते. फरक ताकदीचा. सामुदायिक रेडिओला १०० वॅटपर्यंत ताकदीची परवानगी असते, म्हणून आमचा आवाज काही किलोमीटर पोचतो. रिमोटची ताकद वॅटच्या फार तर शंभराव्या भागाएवढी. तो कुजबुजतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास कुजबुजतात. हनुवटीला चावी टेकवून बटण दाबलं तर ती कुजबुज थोडी लांब जाते. हसू नका, खरंच जाते. आपल्या डोक्यात पाणी भरपूर असतं, त्याचा तो परिणाम.

या कुजबुजीत एक गुपित आकडा असतो आणि तो दर वेळी बदलतो. का बदलतो? कारण एकच आकडा राहिला असता, तर चोरानं तो एकदा हवेतून टिपून ठेवला असता आणि पुन्हा वाजवून दार उघडलं असतं. आपल्या गटाचा हिशेब आठवा. गटाची मोठी वही असते आणि तुमच्याकडं पासबुक. बचत भरली की दोन्हीकडं नोंद होते आणि पुढची ओळ सुरू होते. मागच्या महिन्याची ओळ दाखवून कुणी आज कर्ज मागितलं तर अध्यक्षताई देतील का? गाडीही तशीच. तिची वही आणि रिमोटचं पासबुक एका क्रमानं चालतं. जुना आकडा आला की ती नाकारते, पुढचा आला की घेते.

आता पोरगं अंगणात बसून चावी घेऊन खेळतंय, गाडी गेली पुण्याला. त्यानं दोनशे-तीनशे वेळा बटण दाबलं. पासबुकात तेवढ्या ओळी पुढं गेल्या आणि वहीला पत्ताच नाही. थोडीफार तफावत गाडी चालवून घेते, जास्त झाली की म्हणते मी तुला ओळखत नाही. सेल बराच वेळ काढून ठेवल्यावरही काही रिमोटांचं असं होतं. यावर उपाय बहुधा घरातच असतो. पात्यानं दार उघडायचं, चावी खुपसून गाडी चालू करायची, मग बटण दोन-तीनदा दाबायचं. बऱ्याच गाड्यांची वही तेवढ्यानं जुळते. काहींची पद्धत वेगळी असते, ती गाडीसोबत आलेल्या पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक रद्दीत घातलं असेल तर आजच शोधा.

आणि कधी कधी चावीही बरी असते, गाडीही बरी असते, आणि मधे गलका असतो. जत्रेत शेजारी ढोल वाजत असताना कानात सांगितलेलं ऐकू येत नाही, तसं. बिनतारी घंटा, फाटकाचे रिमोट, शेतातल्या मोटारीचे काही रिमोट, हे त्याच ४३३ च्या आसपास बोलतात. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि मोबाईलचे स्वस्त चार्जर नुसतीच खरखर करतात. एखाद्या ठिकाणीच चावी चालत नसेल आणि शंभर पावलं पुढं गेल्यावर चालत असेल, तर दुखणं त्या जागेचं आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराजवळ नॉर्थ ओल्मस्टेड म्हणून गाव आहे. तिथं २०१९ मध्ये काही गल्ल्यांतल्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट बंद पडले. लोकांनी सेल बदलले, काही उपयोग नाही. बरीच शोधाशोध झाली. शेवटी निघालं काय, तर एका घरातल्या हौशी माणसानं स्वतः एक यंत्र जोडलं होतं. घरात वरच्या मजल्यावर कुणी आलं की ते त्याला कळवायचं. ते यंत्र सतत बोलत राहिलं होतं, तेही नेमकं तिकडच्या रिमोटांच्या ३१५ मेगाहर्ट्झवर. बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. यंत्रातला सेल काढला आणि सगळ्या आळीच्या चाव्या बोलायला लागल्या.

आपल्याकडं मात्र एका गोष्टीवर खोटा आळ नको. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या मोठ्या ताटल्यांची रेडिओ दुर्बीण आहे. एकेक ताटली ४५ मीटर रुंद, अशा ३० ताटल्या. काहीजणी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मुलांना घेऊन तिथं जाऊनही आल्या असतील. एवढं मोठं रेडिओचं यंत्र म्हटल्यावर शंका येणारच की त्यानंच चाव्या बंद पडत असतील का. नाही. ती दुर्बीण काही बोलतच नाही. ती फक्त ऐकते, आभाळातून येणारे फार फार क्षीण रेडिओ आवाज. उलट तिला आपला त्रास. तिचा एक कान २५० ते ५०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि आपल्या चावीची कुजबुज नेमकी त्यात येते. शहराच्या गलक्यापासून दूर म्हणूनच डॉक्टर गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली होती.

गलका मुद्दाम करणारेही असतात. लग्नाच्या कार्यालयाबाहेर, मॉलच्या वाहनतळावर चोर एक यंत्र चालू ठेवतो, आपण बटण दाबून पाठ फिरवतो, निरोप गाडीपर्यंत पोचतच नाही आणि दार उघडं राहतं. असं यंत्र सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, पण चोराला त्याचं काय. चालत चालत मागं हात करून बटण दाबायची सवय आपल्यालाही लागली आहे. ती सोडा. दिवे लुकलुकले का बघा, टक आवाज ऐका, आणि हँडल एकदा ओढून बघा.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांची चावी पर्समध्येच राहते आणि गाडीशी सतत बोलत असते. पर्समध्ये ती मोबाईलला चिकटून असेल, किंवा स्टीलच्या डब्याशेजारी असेल, तर बोलणं अडतं. पर्समधून काढून बघा, तेवढ्यानं भागतं. सेल पार संपला तरी घाबरायचं कारण नाही. त्या चावीच्या पोटात एक बारीक पातं लपवलेलं असतं, कडेची कळ दाबून ते ओढून काढायचं. दाराला भोक दिसत नसेल तर ते हँडलच्या टोपणाखाली असतं. आत बसून ब्रेक दाबायचा आणि चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायची. बऱ्याच गाड्यांत तिथंच चिप ओळखली जाते, काहींत त्यासाठी वेगळी जागा असते. एकदा घरच्या अंगणात, उजेडात, हे करून बघा. पहिल्यांदा रात्री रस्त्यावर करायला जाऊ नका.

अशी चावी ओट्याला लागून उभ्या असलेल्या गाडीपासून भिंतीआडच्या खुंटीला टांगली, तर दोघी रात्रभर बोलत बसतात आणि काही गाड्यांत त्यानं सेल लवकर संपतो. शिवाय ते बोलणं यंत्रानं लांबवून गाडी पळवणारे चोरही निघाले आहेत. चावी आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डबा कामाचा आहे का हे कळायला चावी आत घालून डबा हातात घेऊन गाडीपाशी जा. दार उघडलं तर दुसरा डबा बघा.

मोठ्या बॅटरीचं थोडक्यात सांगतो. मुलगा पुण्याला नोकरीला आणि गाडी महिनाभर दारात झाकून, असं असेल तर बॅटरी उतरणारच. आठवड्यातून एकदा गाडी काढून थोडी फिरवा. उतरलीच तर दुसऱ्या गाडीची वायर लावणं माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, आणि ट्रकवरून मुळीच नाही. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, आपल्या गाडीची १२. आणि इंजिनाला चिपच पटत नसेल, तर सगळ्या आळीनं धक्का मारला तरी गाडी चालू व्हायची नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढून बघा, दोघींचं बोलणं एकमेकींत मिसळतं.

दोन प्रसंगांत मात्र चावीचा विचार करत बसायचं नाही. एक, मूल आत आणि चावीही आत. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतो. ११२ ला फोन करा, आणि मूल घामाघूम, सुस्त दिसत असेल तर मुलापासून लांबची बाजूची काच फोडा. मधोमध नाही, कोपऱ्यात, टोकदार जड वस्तूनं. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, लवकर फुटत नाही. काच पुन्हा बसवता येते.

दुसरा प्रसंग रात्रीचा. पिंपरखेड, जांबूतच्या बाजूला उसात बिबट्या आहे हे शिरूरच्या बायकांना सांगायला नको. अंधारात गाडीबाहेर वाकून चावी खटपटत बसू नका. एकीनं बॅटरीचा झोत चौफेर फिरवत ठेवायचा, दुसरीनं पात्यानं दार उघडायचं, आणि आत बसून मग बाकीचं बघायचं. दार उघडलंच नाही तर जवळच्या वस्तीवर, ढाब्यावर, पेट्रोल पंपावर एकत्र जायचं. पुणे–सोलापूर रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे.

शेवटचं, दुसऱ्या चावीबद्दल. नव्या गाडीला दोन चाव्या मिळतात. एक वापरात आणि दुसरी कपाटात, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा तीही चालवून बघायची. पहिली गप्प बसली आणि दुसरी चालली, तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही गप्प, तर दोष गाडीत. याहून स्वस्त तपासणी कुठलंही गॅरेज करणार नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही विसरू नका. गट जुनी गाडी घेत असेल तर सौदा ठरवतानाच दुसरी चावी मागा. नाही म्हणाले तर किंमत कमी करा, आणि गाडी घेतल्यावर जुन्या चाव्यांची ओळख गाडीतून पुसून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीची चावी कुणाच्या तरी खिशात राहील.

आणि चावीवाल्याकडं जायची वेळ आलीच, तर त्याला विचारा: पातं कापून देणार, रिमोट देणार, की चिपही जुळवून देणार? तिन्हींचा दर वेगवेगळा सांगायला लावा. नुसतं पातं शे-दोनशेत होतं, पण त्यानं दार उघडतं, गाडी चालू होत नाही. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर दार उघडा, लावा, इंजिन चालू करून पाच मिनिटं चालू ठेवा. बंद करून पुन्हा चालू करा. मग पैसे द्या, आणि जुनी चावी परत घेऊनच निघा.